परमिट रूमच्या माडीवर

पुण्यामुंबईत ज्याला पब म्हणतात त्याच्या जागी बीड जिल्ह्यात परमिट रूम आहे, बिअर बार आहे, हमरस्त्याला लागून झाडाखाली टेबलं मांडलेलं 'गार्डन' आहे. गाण्याला इथे जागा नाही असंही नाही. बीड शहरात यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, परळीत नटराज रंगमंदिर आहे. अंबाजोगाईला नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह भरतो आणि त्यात मोठमोठे गवई गाऊन गेले आहेत. सप्त्यात कीर्तन असतं, एप्रिलात भीमजयंतीला भीमगीतांच्या पार्ट्या समोरासमोर बसतात. नाही ती एक लहान खोली. साठ-सत्तर माणसं बसतील, समोरचा गाणारा अजून कच्चा असेल, गाणं त्याचं स्वतःचं असेल आणि ऐकणारा तिकीट काढून आला असेल, अशी. सिद्ध झालेल्या कलावंताला आपण नाट्यगृह देतो. सिद्ध व्हायचं कुठे, याचं उत्तर कोणी देत नाही.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. मामा उमेदीची वर्षं लावणीच्या कलाकेंद्रांवर, म्हणजे त्यांच्या भाषेत थेटरांवर, ढोलकी वाजवलेले, आता पहाटे काकड्याला मृदंग धरणारे. भाची पुण्यात बारच्या वरच्या मजल्यावर गिटार घेऊन स्वतःची मराठी गाणी गाते. अंबाजोगाईत लातूर रस्त्याला ओळखीच्या एका परमिट रूमच्या वरचा रिकामा हॉल तिला गाण्यासाठी भाड्याने हवा आहे. मामांचा त्याला विरोध आहे. माणसं कल्पित असली तरी दोघांचे मुद्दे खरे आहेत, आणि मी त्यातल्या कोणालाही हलकं लेखत नाही.

मामा : खाली दारू आणि वर गाणं. एवढं शिकून हेच करायलीस?

भाची : तुम्ही कुठे वाजवलंत मामा? देवळात?

मामा : म्हणूनच सांगायलोय. ज्यानं कधी थेटराची पायरी चढली नाही त्याचं नको म्हणणं वेगळं. मी वाजवून नको म्हणतोय. तुला म्हाईत नाही तिथं कसं चालतं. एका छताखाली पाच-सात पार्ट्या. प्रत्येकीची एक मालकीण, तिच्या पोरी, एक पेटीवाला, एक तबलजी, एक ढोलकीवाला. रात्री स्टेजवर एकेका पार्टीची बारी लागते. समोरचा बघतो, त्यातली एक पसंत करतो, मग खोलीत खाजगी बैठक. थेटरमालकाचा वाटा आधी निघतो, मालकिणीचा नंतर, आमच्यापर्यंत येईस्तोवर गाणारीच्या घामाचे किती उरतात ते विचारू नकोस. आणि ज्याच्या हातात नोटा त्याच्या हातात लय. चांगली संथ लावणी बसलेली असती, अदा करायला जागा असती, आणि हा म्हणतो, ढिलं झालं, उडतं लावा. मी उडतं लावलं. रोज लावलं. प्यालेल्या माणसाला संथ लय ऐकवत नाही, हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही मी.

भाची : पुण्यातही तेच होतं. पहिल्या दोन गाण्यांत टेबलावरून आवाज येतो, काहीतरी ओळखीचं लावा. वेटर ऑर्डर घेऊन माझ्या आणि माइकच्या मधून जातो. माझा आवाज चढला की त्यांच्या गप्पांचा आवाजही चढतो. मला ते माहीत आहे.

मामा : मग?

भाची : मग तिथेच माझं गाणं दुरुस्त झालं. घरी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलेल्या गाण्याखाली आकडा दिसतो, चेहरा दिसत नाही. त्या माडीवर कुठल्या ओळीला माणूस मोबाइल उचलतो ते मला कळतं. एका गाण्याचा दुसरा अंतरा मी तिथेच कापला. एक गाणं वरच्या पट्टीत होतं, ते खालच्या पट्टीत नेलं, कारण तिथे मी ओरडत होते आणि चार हातांवर बसलेल्या बाईने मान फिरवली. नाट्यगृहात ती मान मला दिसलीच नसती. तिथे दिवे माझ्या तोंडावर आणि लोक अंधारात.

मामा : चेहरा दिसायला सभामंडप आहे की. आपल्याच तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू. पखवाजाला १९८६ साली पद्मश्री मिळवून दिली, आता त्यांचे चिरंजीव उद्धवबापू ते पुढे नेतात. वारकरी भजनाच्या मातीतला हात तो. त्यांना कुठल्या बारची माडी लागली? मंडपात पोरगं टाळ घेऊन उभं राहतं, चुकतं, शेजारचा डोळ्यानं दटावतो, पोरगं सुधरतं. तिकीट नाही, दारू नाही. याच्यापेक्षा लहान जागा आणि चांगली जागा कुठली दाखवतीस?

भाची : शंकरबापूंपुढे मी काय बोलणार. पण त्या मंडपात मी काय म्हणू? अभंग म्हणेन, गौळण म्हणेन. माझ्या गाण्यात कारखान्याला ऊसतोडीसाठी गेलेल्या आईची वाट बघणारी पोरगी आहे. एसटी स्टँडवर भेटून परत जाणारी दोघं आहेत. त्यातली एक ओळ जरी वीणेकऱ्यासमोर म्हटली तर तुम्हीच मला खाली बसवाल. आणि मामा, आपल्या गावच्या मंडपात मृदंगावर बाई कधी बसलेली पाहिली का तुम्ही?

मामा : आता बायका कीर्तनं करतात.

भाची : करतात, आणि चांगली करतात. मृदंगाचं विचारलं मी.

मामांनी याला उत्तर दिलं नाही. इथे मला भाचीची बाजू घ्यावीशी वाटते. मंडप कलावंत घडवतो, पण त्याला चालणारं गाणंच तो घडवतो. आपल्याकडे शृंगार आणि भक्ती यांत भिंत घालण्याची सवय जुनी आहे. संगमनेरच्या अनंत फंदीने अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून तमाशा सोडून कीर्तन धरलं, अशी कथा सांगतात. सोलापूरच्या राम जोशीच्या नावावर मात्र लावणी आणि कीर्तन दोन्ही आहेत. म्हणजे भिंत होती, आणि दोन्ही अंगणांत पाय ठेवणारा माणूसही होता. पुढे स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले आणि त्याच सुमारास, १९४९ साली, दारूबंदीचा कायदाही केला. त्या दारूबंदीचा फटका मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोवेकर वादकांनाही बसला. रात्रीचं काम आटलं आणि कित्येकजण सिनेमाच्या स्टुडिओंवर विसंबून राहिले. बीड तेव्हा त्या राज्यात नव्हतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानातून ते १९४८ साली सुटलं आणि १९५६ साली मुंबई राज्यात आलं, त्यामुळे मुंबईचे कायदे इकडे मागाहून पोचले. पण दारू आणि गाणं एकाच फटक्यात शुद्ध करून टाकायचं, हा विचार मात्र इथेही मुरला आहे. मामांच्या तोंडी तो आहे, आणि त्यांना तो अनुभवातून आलेला असल्यामुळे त्याला उत्तर देणं अवघड आहे.

भाची : मी परवान्याचं विचारून आले आहे. जिथे दारू मिळते त्याच खोलीत गायचं, तर कागदावर माझं नाव काय पडतं माहीत आहे? ऑर्केस्ट्रा. त्याला स्टेजवर आठच कलावंत चालतात. पूर्वी त्यातही चार बाया आणि चार बाप्ये, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २०२२ साली रद्द केली. आठाची मर्यादा ठेवली, आठ कोण ते कलावंताने ठरवायचं.

मामा : आणि ऑर्केस्ट्रा बार म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून झालेलं असतंय. २००५ साली डान्स बार बंद केले, म्हाईत आहे का? त्यातल्या कितीतरी पोरी कलाकेंद्रांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ज्यांना लावणीचा एक तोडा येत नव्हता त्यांना मालकांनी घेतलं, कारण गिऱ्हाइकाला तोडा नकोच होता. मग ढोलकी गेली आणि ट्रॅक आला. बंद करणाऱ्याला वाटलं नाचणं थांबलं. ते आमच्याकडं आलं.

भाची : हेच तर मी म्हणते आहे, मामा! खोली बंद केली म्हणून गाणारी माणसं संपत नाहीत. ती वाईट खोलीत जातात. त्या बंदीचं पुढे काय झालं? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली. २०१६ साली सरकारने नवा कायदा केला. २०१९ साली त्यातल्या बऱ्याच अटी गेल्या, पण नोटा उधळायला मनाई राहिली. नोटा उधळू नयेत, हे मला मान्य आहे. माझ्या खोलीत दौलतजादा नाही. तिकीट दीडशे रुपये.

मामा : दीडशे रुपयांत तू काय करणार?

भाची : साठ माणसं आली तर नऊ हजार. आम्ही चौघं, प्रत्येकी दीड हजार. साउंडवाल्याला दीड, हॉलला दीड. पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. बंद हॉल आहे, आवाज बाहेर जाणार नाही अशी सोय केली की रात्री दहाच्या भोंग्याच्या नियमाचीही भीती नाही. दारू वर आणायची नाही. वर चहा.

मामा : दीड हजारात हॉल कोण देतंय आज?

भाची : मालक देतो म्हणाला. लोक नंतर खाली जेवायला बसतील.

मामा : म्हणजे शेवटी हॉलचं भाडं बाटलीनंच भरलं.

या वाक्यापाशी थांबायला हवं, कारण संबंध प्रश्न इथे आहे. लहान जागेचं गाणं जगात बहुतेक ठिकाणी दारूच्या विक्रीवर उभं आहे. इंग्लंडात बारच्या वर किंवा मागे असलेल्या अशा खोल्यांनी किती वादक घडवले याची यादी मोठी आहे, आणि त्या खोल्याही आता मोडकळीला आल्या आहेत. तिथे या जागांसाठी २०१४ साली म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ही संस्था निघाली. तिच्या हिशेबानुसार एकट्या २०२३ साली १२५ लहान जागांनी गाणं बंद केलं. भाडं वाढलं, वीज वाढली, तरुण मंडळी पूर्वीइतकी पीतही नाहीत. म्हणजे दारू गाण्याला पोसते हा भरवसाही आता उरला नाही. म्हणून तिथे मागणी आली की स्टेडियममधल्या मोठ्या कार्यक्रमाच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड लहान खोल्यांना द्यावा. हे ऐच्छिकच आहे, पण सरकारनेही ते उचलून धरलं. मला हा विचार मनापासून पटतो. आपल्याकडे शासन महोत्सवांवर खर्च करतं, मंडप भव्य होतो, मुंबईहून कलाकार येतात, तीन दिवसांनी मंडप सुटतो आणि जिल्ह्यात गाण्याची एक खुर्चीही मागे राहत नाही. त्या खर्चाचा लहानसा वाटा जर तालुक्याच्या गावी एका खोलीचं वर्षाचं भाडं म्हणून गेला, तर भाचीला बाटलीकडे बघावं लागणार नाही. पण तो वाटा आज कोणी देत नाही. मामांचं वाक्य खरं आहे आणि भाचीची निकडही खरी आहे.

भाची : बरं, बाटलीने भरलं. पण तिने मला काय वाजव ते सांगितलं नाही ना? कलाकेंद्रावर ज्याने पैसे फेकले त्याने लय ठरवली, हे तुम्हीच म्हणालात. माझ्याकडे पैसे दारावर घेतले जातील, आधी, सगळ्यांकडून सारखे. आत आल्यावर कोणाची फर्माईश नाही.

मामा : फर्माईश नाही?

भाची : नाही. तीच तर तुम्हाला नडली.

मामा : फर्माईश नाही म्हटलं की लावणी मेली, पोरी. तुला कोण सांगितलं फर्माईश वाईट म्हणून? उडतं लावा, ही फर्माईश नव्हे. तो माज. फर्माईश करणारा मी बघितलाय. पंचा खांद्यावर टाकलेला शेतकरी माणूस, बैठकीत भिंतीला टेकून बसायचा. बाई बसूनच गायच्या. एक ओळ घेतली की तिचा एक अर्थ डोळ्यानं दाखवायच्या. हा नुसता म्हणायचा, फिरून. बाई तीच ओळ घ्यायच्या आणि या वेळी राग दाखवायच्या. फिरून. मग लाज. मग त्याच ओळीत रडू. शब्द तेच, चाल तीच, मी ठेका धरून बसलोय आणि मला कळायचं नाही आता काय येतंय. तो माणूस पीत नव्हता असं नाही. पण तो म्हणायचा 'फिरून' तेव्हा बाईंच्या अंगात काहीतरी यायचं. तेवढ्या एका माणसासाठी त्या रात्रभर गायल्या असत्या.

भाची : आणि हे नाट्यगृहात होईल?

मामा : कसं होईल? भुवई हललेली विसाव्या रांगेला कशी दिसायची?

बैठकीची लावणी ही खोलीचीच कला आहे, हे मामांनी असं अनवधानाने सांगून टाकलं. तिची छक्कड वेगळी, बालेघाटी वेगळी. या बालेघाटीचा संबंध तर आपल्याच बालाघाटाच्या डोंगररांगेशी जोडतात. विरहाची, दमाने म्हणायची लावणी ती. वाईच्या यमुनाबाईंनी ही बैठकीची गायकी शंभरी ओलांडेपर्यंत जपली. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. सावित्री मेधातुल यांचा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट आणि भूषण कोरगावकर यांचं 'संगीत बारी' हे पुस्तक, यांनी कलाकेंद्रांतल्या बायकांना शहरातल्या वाचक-प्रेक्षकांसमोर त्यांच्या स्वतःच्या शब्दांत बोलू दिलं. सुरेखा पुणेकरांनी लावणी नाट्यगृहात नेली आणि पुढे खास महिलांसाठी प्रयोग होऊ लागले, तेव्हा घराघरांतल्या बायका गर्दीने आल्या, शिट्ट्या वाजवल्या, खुर्च्यांवरून उठून नाचल्या. त्यांना लावणी कधीच नकोशी नव्हती, ती जिथे होत होती तिथे जायला त्यांना वाटच नव्हती. पण नाट्यगृहात लावणीला मान मिळाला तेव्हा मामांनी सांगितलेलं ते 'फिरून' हरवलं. मान आणि जवळीक दोन्ही एका ठिकाणी मिळतील अशी जागा आपण बांधलेली नाही. भाचीची खोली मला हवीशी वाटते ती एवढ्यासाठी. तिच्या गिटारीसाठी तर हवीच.

भाची : मामा, त्या बाई आता कुठे असतात?

मामा : आहेत. लेकाकडं. का?

भाची : दुसऱ्या की तिसऱ्या कार्यक्रमाला त्यांनी बसून गावं. ठरलेली बिदागी, आधी, त्यांच्या हातात. समोर साठ माणसं, त्यात निम्म्या बायका. कोणी पैसा दाखवणार नाही. 'फिरून' म्हणायला पाहिजे तर म्हणा.

मामा : आणि त्यांना दारूच्या दुकानातनं वर चढायला लावणार?

भाची : दुकान खाली आहे, गाणं...

मामा : जिना कुठून आहे?

भाची : आतून. काउंटरच्या बाजूने.

मामा : बघ. सगळं विचारून आलीस, परवाना विचारला, जीएसटी विचारला, जिना विचारला नाहीस. अगं, बाईंनी सारी हयात असल्याच दारातनं ये-जा केली. आता लेकाच्या घरी नातवंडं अंगावर घेऊन बसल्यात. गल्लीत कोणी विचारत नाही, आधी काय करत होता. त्यांनी पुन्हा काउंटरच्या बाजूनं वर जायचं? आणि तुझ्या त्या निम्म्या बायका म्हणतीस, त्या तरी येतील का? पुण्यात येत असतील. इथं एकीला जरी तिच्या दिरानं त्या दारातनं जाताना बघितलं, की तुझी खोली संपली. गाणं चांगलं की वाईट, ते कोण ऐकायला वर येतंय मग?

भाची : मालक म्हणाला होता बाहेरून लोखंडी जिना करता येईल. दिवाळीनंतर.

मामा : मग दिवाळीनंतर कर.

भाची : दिवाळीनंतर माणसं कुठे असतील मामा? दसरा झाला की टोळ्या निघतात. कारखान्यावरून परत यायला उन्हाळा उजाडतो. मला ज्यांच्यापुढे गायचं आहे ती माणसं तेव्हा जिल्ह्यातच नसतील. मी २ ऑक्टोबर धरली आहे. ड्राय डे. खाली कुलूप असणार, मालकाला त्या दिवशी हॉल रिकामाच पडतो, भाडंही कमी घेईल. आतल्या जिन्याने गेलं तरी काउंटरवर कोणी नसेल.

मामा : बाटल्या असतील की मांडलेल्या.

भाची : पडदा लावू.

मामा : पडदा लावून दारूचं दुकान देऊळ होत नाही. तरी तारीख चांगली काढलीस. गांधीबाबाच्या दिवशी तिथं कोणी प्यायला येणार नाही, जो येईल तो ऐकायलाच येईल, एवढं मानतो मी. पण वर्षात असले दिवस किती? बाकीच्या दिवशी काय करतीस?

भाची : सहाला सुरू, आठला संपवायचं. खाली गर्दी नंतर होते.

मामा : आठला लावणी संपवतीस? आठला तर पेटी सुरात लागती.

भाची : मग नऊ.

मामा : नऊला खाली पहिलं भांडण होतं.

यावर दोघांचं बराच वेळ जमलं नाही. भाचीचं म्हणणं, सगळं मनासारखं जुळेपर्यंत थांबलं तर या जिल्ह्यात खोली कधीच होणार नाही, आणि पुण्याला गेलेली तिच्यासारखी पोरं तिथेच राहतील. मामांचं म्हणणं, पहिली पायरी चुकीची पडली की या गावात दुसरी मिळत नाही, बाईला तर नाहीच.

मामा : तू गा. तुझं वय आहे, तुझ्या मागे आम्ही आहोत, कोणी बोललं तर आम्ही ऐकून घेऊ. २ तारखेला मी मागे बसून ऐकीन. पण बाईंचं नाव पत्रकावर घालू नकोस.

भाची : पत्रकावर नाही. विचारा तरी.

मामा : जिना झाल्यावर विचारीन. बाहेरनं, रस्त्याच्या बाजूनं, उजेडातला जिना. आणि विचारीन एवढंच. त्या हो म्हणतील असं मी म्हटलेलं नाही.